वरच्या गेटचे दोन फेरे

थोरल्या पाटकऱ्याचा फोटो पाणी समितीच्या कचेरीत लागला, तेव्हा थोरला पाटकरी चांगला जिवंत होता. खाली खुर्चीत बसून त्याने स्वतःच खिळा थोडा डावीकडे घ्यायला लावला होता. पस्तीस वर्षं पाटाच्या किल्ल्या सांभाळल्या आणि अंगावर एक डाग पडू दिला नाही, म्हणून समितीने केलेला हा मान. आता सहा वर्षं किल्ल्या मुलाकडे होत्या. मुलगा पाटकरी झाला म्हणून बाप थोरला पाटकरी झाला. मुलाचा फोटो काही कुणी लावला नव्हता, पण त्याच्यावरही आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

यंदा ते बोट उठलं. धरणात पाणी कमी, म्हणून आठ दिवसांनी येणारी पाळी पंधरा दिवसांवर गेली होती. तीही पुरती येईना. पाटाच्या टोकाला जी शेतं होती त्यांच्या पाळीला सलग दोनदा पाणी आलं ते घोट्याएवढंच, आणि दुपारपर्यंत तेही आटलं. टोकाचं शेवटचं वावर पाटकऱ्याच्या आत्याचं होतं. थोरल्या पाटकऱ्याची ही सख्खी धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून एकटीच राबत होती, आणि जिभेला धार होती म्हणून एकटीच निभावत होती.

तिसऱ्या पाळीच्या दिवशी पाटकरी पहाटे सायकल काढून नेहमीप्रमाणे टोकाला गेला. पाटातलं गवत फावड्याने ओढून त्याने वाट मोकळी केली. आत्या मिरचीच्या वाफ्यात कुदळ घेऊन उभीच होती. रोपं मान टाकून पडली होती. पाट कोरडा होता.

"आलं का रे पाणी?" आत्याने विचारलं. पाणी आलेलं नाही हे तिला दिसत होतं.

"वरून सोडलंय मी काल संध्याकाळी. पूर्ण सोडलंय."

"तुझा बाप काय म्हणायचा माहितीये ना? निघालंय, वाटेत आहे. पस्तीस वर्षं ऐकलं मी ते. पण उशिरा का होईना, यायचं."

पाणी आलं ते सूर्य चांगला वर चढल्यावर. पुढे वाळकी पानं, मागे फेस आणि त्याच्या मागे बारीकशी धार. आत्याने पहिला वाफा फोडला. धार त्यात शिरली आणि अर्ध्यातच जिरली. आत्या वाकून मातीत बोट घालून बघत होती. बोट दुसऱ्या पेरापर्यंतही भिजलं नाही.

"कुणाला दिलंस?" ती न वळता म्हणाली.

"आत्या, काय बोलतेस तू?"

"मी एकटी नाही बोलत. सगळे बोलतात. मी तुझ्या तोंडावर बोलते एवढंच. पुढच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सभा आहे. मी अर्ज दिलाय. किल्ल्या काढून घ्या म्हणून."

पाटकऱ्याला हे लागलं. लहानपणी याच बाईच्या खांद्यावर बसून तो पाट बघायला आला होता. त्याने फावडं सायकलला बांधलं आणि निघाला.

आता हे किल्ल्यांचं प्रकरण काय ते सांगायला हवं. पाटावर ठिकठिकाणी लोखंडी गेट. गेटच्या डोक्यावर चाक. चाक फिरवलं की पाती वर सरकते आणि पाणी बाजूच्या चारीत वळतं. चाकाला साखळी, साखळीला कुलूप. टोकाची पाळी असते तेव्हा मधली सगळी गेटं बंद ठेवायची, हा नियम. सगळ्यात मोठं होतं वरचं गेट, पाटकऱ्याच्या घरापासून दहा मिनिटांवर. त्याची चारी अध्यक्षांच्या उसाला जात होती. अध्यक्ष म्हणजे पाणी समितीचे अध्यक्ष. त्यांच्या आधी त्यांचे वडील अध्यक्ष होते, आणि यंदा हे वरच्या निवडणुकीला उभे राहणार होते. त्यांच्या पत्रकावर एका बाजूला त्यांचा स्वतःचा फोटो होता आणि दुसऱ्या बाजूला थोरल्या पाटकऱ्याचा. खाली छापलं होतं, 'यांच्या आशीर्वादाने'.

घरी येताना पाटकरी वरच्या गेटपाशी उतरला. गेट बंद. कुलूप जागेवर. पण बंद चारीच्या तळाशी ओल होती, आणि त्या ओलीत चार बगळे निवांत चोची मारत होते. तो खाली उतरला, ओली माती मुठीत घेऊन दाबली. ती सकाळचीच होती.

गेटच्या दोन किल्ल्या. एक घरी दाराच्या मागे खिळ्याला. टोकाच्या पाळीला वरचं गेट बंदच ठेवायचं, म्हणून ती त्या दिवशी खिळ्यालाच राहायची. दुसरी कचेरीच्या कपाटात, पाकिटात लाख लावून बंद. त्याने तसाच कचेरीत जाऊन कारकुनाला कपाट उघडायला लावलं. कारकून हसला. पाकिटावर धूळ होती आणि लाख शाबूत होती. घरची किल्लीही जागेवर होती, दात भिंतीकडे करून टांगलेली. ती अशीच टांगायची, हे बापाने त्याला दहाव्या वर्षी शिकवलं होतं.

मग तिसरी किल्ली असणार. तो विचार एकदा डोक्यात शिरला आणि माणसाचं सुख गेलं. कुलुपं दुरुस्त करणारा परवा इतका गोड का बोलला? कारकून हसला का? अध्यक्षांच्या उसावरचा गडी रस्त्यात दिसला की मान खाली का घालतो? न्हाव्याकडे दाढीला बसला तर दुकानातली बोलणी थांबली. आरशात त्याला मागच्या बाकावरची माणसं एकमेकांना कोपराने ढोसताना दिसली. न्हावी म्हणाला, "मान वर घ्या." पाटकऱ्याने मान वर घेतली, आणि आपल्या गळ्यावर दुसऱ्याचा वस्तरा आहे याची त्याला पहिल्यांदाच भीती वाटली.

घरीसुद्धा तो नजरेने चाचपत राही. बायको पाणी आणून द्यायची तर तिच्या पदराकडे बघायचा.

"काय बघताय?" ती म्हणाली.

"काही नाही."

"तीन दिवस काही नाही बघताय. माझ्या पदराला किल्ली नाही बांधलेली. हवं तर सोडून दाखवते."

तो ओशाळला. पण शंका ओशाळली नाही. त्याने बायकोला जवळ बसवून बेत सांगितला. सायकलच्या दुकानातलं काळं वंगण आणायचं, त्यात पोत्यांवर शिक्के मारायची शाई कालवायची, आणि पुढच्या पाळीच्या आदल्या संध्याकाळी चाकाच्या खालच्या अंगाला लावून ठेवायचं. वरून दिसायचं नाही. जो चाक धरील त्याचे हात आठ दिवस काळे. टोकाची पाळी शनिवारी, सभा रविवारी. सभेत सगळ्यांचे हात बघायचे.

बायको चुलीतली राख ओढत होती. ती थांबली. "हे करायलाच हवं का?"

"किल्ली गेली तर हे घर जाईल. घर समितीचं आहे, विसरलीस?"

"मी नाही विसरले," ती म्हणाली आणि पुन्हा राख ओढायला लागली.

त्याने आत्यालाही जाऊन सांगितलं. सांगायला नको होतं, पण आत्याच्या नजरेतून उतरलेलं त्याला सहन होत नव्हतं. आत्याने ऐकून घेतलं आणि बऱ्याच दिवसांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "धर एकदाचा चोर," ती म्हणाली.

शनिवारी पहाटे तो टोकाला गेला. पाणी पुन्हा घोट्याएवढंच आलं. या वेळी त्याला राग आला नाही, उलट शिकाऱ्यासारखा आनंद झाला. दुपारी वरच्या गेटपाशी येऊन त्याने चाकाच्या खालून बोट फिरवलं. वंगण दोन ठिकाणी पुसलं गेलं होतं. दोन हात, मोठ्या पंजाचे. पातीच्या दांड्यावर नव्याने घासले गेलेले आटे मोजले. पाती दोन फेरे वर गेली होती आणि पुन्हा खाली आली होती. चोर मोजून मापून वागणारा होता, हे त्याला विचित्र वाटलं. चोर हाताला येईल तेवढं नेतो.

घराच्या दाराची कडी काढताना त्याला कडीवर काळा डाग दिसला. आपलाच हात लागला असेल, म्हणून त्याने हात बघितले. काल संध्याकाळी त्याने वंगण लावलं होतं ते काठीला चिंधी गुंडाळून. आज नुसतं एक बोट काळं होतं, आणि ते डाव्या हाताचं. कडी त्याने उजव्या हाताने धरली होती.

डाग मग रांजणाच्या झाकणावर होता. मग बादलीच्या कडीवर. मग भिंतीला टेकवलेल्या काठीच्या मुठीवर. काठी बापाची होती.

बाप परसात दगडावर बसून हातांना राख आणि रॉकेल चोळत होता. गुडघे दुखतात म्हणून एक पाय लांब पसरलेला. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, म्हणून तो रोज पहाटे आणि दहाच्या सुमाराला पाटाने फेरी मारून यायचा. थोरले पाटकरी अजून पाटावर नजर ठेवून आहेत, असं लोक कौतुकाने म्हणायचे.

मुलगा समोर उभा राहिला. बापाने वर बघितलं आणि चोळणं थांबवलं नाही.

"काय कालवलंस यात? निघतच नाही."

"शाई."

"हुशार आहेस," बाप म्हणाला. त्यात खोच नव्हती. कौतुकच होतं.

 मुलगा समोर उकिडवा बसला. "किल्ली खिळ्यावर असायची. दात भिंतीकडे."

"मग? मीच शिकवलंय ना ते."

"किती दिवस चाललंय?"

"दिवस?" बापाने हात गुडघ्यावर पुसले. "तू पाळण्यात होतास. थोरले अध्यक्ष म्हणाले, किल्ल्या तुझ्याकडे देतो, घर देतो. टोकाच्या पाळीला आमचे दोन फेरे तेवढे सांभाळ. नाही म्हणालो असतो तर दुसरा ठेवला असता त्यांनी. त्याने दहा दिले असते. मी दोनच दिले. दोनाचे अडीच कधी झाले नाहीत. बाकी कुणाच्या घरचा चहा घेतला नाही मी, विचार गावाला."

"टोकाला आत्या आहे, बाबा."

"माहीत आहे मला टोकाला कोण आहे." बापाचा आवाज पहिल्यांदा चढला, मग बसला. "धरण भरलेलं असायचं तेव्हा दोन फेरे कुणाच्या लक्षात आले नाहीत. यंदा दिसले."

"मग किल्ल्या माझ्याकडे आल्या तेव्हा सांगितलं का नाही?"

बाप नखातलं काळं काडीने उकरायला लागला. "सांगितलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. मग किल्ल्या गेल्या असत्या. आणि हो म्हणाला असतास तर ते मला बघवलं नसतं. म्हटलं, माझं मीच करतो. तू आपला स्वच्छ राहा."

म्हणजे सहा वर्षं आपण जो स्वच्छपणा मिरवला, तो या माणसाने गुडघे दुखत असताना पहाटे जाऊन आपल्यासाठी मिळवला होता. पाटकऱ्याला रडू आलं आणि त्या रडण्याची किळसही आली. तो आत गेला. बायको दाराआडच उभी होती.

"तुला माहीत होतं."

"खिळा रिकामा बघितला होता मी. दोनदा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही माझा पदर बघत होतात," ती म्हणाली. "आणि घर समितीचं आहे."

रविवारी दुपारी सभा. कचेरीत सतरंज्या अंथरलेल्या, पंखा एका बाजूला कलून फिरत होता. थोरला पाटकरी पुढच्या रांगेत आपल्याच फोटोखाली खुर्चीवर बसला होता, अंगावर शाल, हात शालीत. इतक्या उकाड्यात शाल का, असं कुणाला वाटलं नाही. म्हाताऱ्या माणसांना थंडी वाजते. अध्यक्ष सगळ्यांची विचारपूस करून स्थानापन्न झाले आणि कारकुनाने आत्याचा अर्ज वाचला.

पाटकरी उठला. रात्रभर त्याने ठरवलं होतं ते एवढंच, की काही बोलायचं नाही. "पाणी कमी आलं हे खरं आहे," तो म्हणाला. "पाट जुना झालाय. झिरपतं वाटेत. किल्ल्या काढून घ्यायच्या असतील तर घ्या."

"झिरपतं?" आत्या मागच्या रांगेतून उठली. "अरे, परवा काय सांगितलंस मला? शाई लावलीस ना चाकाला? मंडळी, याने वरच्या गेटला शाई लावून ठेवली होती कालच्या पाळीला. ज्याने चाक फिरवलं त्याचे हात काळे आहेत. आत्ता इथे. दाखवा म्हणावं सगळ्यांनी हात."

"राहू दे, आत्या."

"का राहू दे? बोलायला घाबरतोस का तू?" अर्ज तिचाच होता, पण आता ती भाच्याची बाजू घेऊन भांडत होती.

सभेत कुजबुज झाली. माणसं एकमेकांच्या मांडीवरच्या हातांकडे बघायला लागली. अध्यक्ष हसले. "चांगली सूचना आहे. माझ्यापासूनच सुरू करू." त्यांनी दोन्ही तळवे पुढे केले. तळवे गुलाबी होते, चाक कधी न धरलेले. मग कारकुनाने दाखवले, शिंप्याने दाखवले, कुलूपवाल्याने दाखवले. उसावरच्या गड्याने हात दाखवताना रडवेलं तोंड केलं, पण त्याचे हात नुसतेच फाटलेले होते. हसत-खिदळत मागच्या सगळ्या रांगा झाल्या. पुढची रांग तेवढी उरली.

थोरल्या पाटकऱ्याने शाल बाजूला केली आणि हात पुढे धरले.

पंखा फिरत होता. हात मनगटापर्यंत काळे होते. भेगांमध्ये, नखांमध्ये, हस्तरेषांमध्ये काळं भरलेलं होतं. राखेने आणि रॉकेलने चोळून चोळून मधली कातडी लाल झाली होती, त्यामुळे ते जास्तच काळं दिसत होतं. पाटकरी खाली बघत उभा राहिला. आता बोलतील, त्याला वाटलं. कुणीतरी एक जण बोलेल. त्या क्षणी त्याला मनापासून वाटलं की कुणीतरी बोलावं.

आधी शिंपी बोलला. "घ्या. हे हात काळे नसतील तर कुणाचे असतील? पस्तीस वर्षं लोखंड आणि वंगण. ते काय जातंय या जन्मात?"

"बघा, याला म्हणतात कष्ट," कुणी तरी मागून म्हणालं.

थोरला पाटकरी सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता हे सगळ्यांना माहीत होतं. निरोप समारंभाला सगळे होते. पण ते आठवायचं तर समोरचा फोटो काढावा लागला असता, पत्रकं परत छापावी लागली असती आणि आपण इतकी वर्षं कुणाला हात जोडले ते स्वतःलाच विचारावं लागलं असतं. एवढं कोण करतो? अध्यक्ष उठले आणि त्यांनी ते काळे हात आपल्या हातात घेतले. टाळ्या वाजल्या. म्हातारा कुणाकडेच बघत नव्हता.

आत्या उभीच होती. ती भावाच्या हातांकडे बघत होती आणि इतका वेळ बघत होती की टाळ्या संपल्या. तिच्या डोळ्यांसमोरून एक एक करून पस्तीस वर्षांच्या पाळ्या गेल्या असतील. पाटकऱ्याने तिच्याकडे बघितलं. ती आता तोंड उघडणार आणि सगळं कोसळणार, अशी त्याची खात्री होती.

"माझंच चुकलं," आत्या म्हणाली. "अर्ज मागे घेते मी." आणि ती पदर सावरून खाली बसली.

निघताना अध्यक्षांनी पाटकऱ्याच्या खांद्यावर हात टाकला. "काका थकलेत आता," ते हळूच म्हणाले. "एवढ्या पहाटे त्यांनी बाहेर पडणं बरं नाही. तुम्हीच बघा आता त्यांचं काय ते."

पंधरा दिवसांनी टोकाची पाळी आली. पहाटे पाटकऱ्याला जाग आली ती बापाच्या कण्हण्याने. म्हातारा अंधुक उजेडात भिंत धरून एका पायात चप्पल घालत होता. दुसरी सापडत नव्हती. पायाने जमीन चाचपताना त्याचा तोल गेला आणि तो खाटेवर बसला. एवढ्याशा हालचालीने त्याला धाप लागली होती. बायको जागी होती, पण तिने कूस बदलली नाही.

पाटकरी उठला. दाराजवळ गेला. आता आपण खिळ्यावरची किल्ली काढून पाटात भिरकावणार, असं त्याला स्वतःलाही क्षणभर वाटलं. मनात तो ते पंधरा दिवस करत आला होता. त्याने किल्ली काढली.

"बाबा, तुम्ही पडा," तो म्हणाला. "बाहेर गार आहे."

बाप त्याच्याकडे बघत राहिला. बघवणार नाही म्हणाला होता ते. मग त्याने तोंड भिंतीकडे केलं आणि पांघरूण ओढून घेतलं.

वरच्या गेटचं चाक गार होतं. जुनं वंगण अजून खालच्या अंगाला होतं. त्याने ते पुसलं नव्हतं, पुसायला कुणाला सांगितलंही नव्हतं. त्याने दोन्ही हातांनी चाक धरलं. एक फेरा. दुसरा फेरा. तिसरा होणार नाही याची त्याने नीट काळजी घेतली, आणि आपण दोनच दिले याचं त्याला जे समाधान वाटलं, त्याची पुढे कितीतरी दिवस त्याला लाज वाटत राहिली. पाणी खळखळत चारीत वळलं. बगळे आधीच येऊन बसले होते.

तो टोकाला पोचला तेव्हा उजाडलं होतं. आत्या कुदळ घेऊन बांधावर बसली होती. निम्मी मिरची तिने उपटून टाकली होती. उरलेली वाचली तर वाचावी म्हणून.

"आलं का पाणी?" तिने विचारलं.

"निघालंय," पाटकरी म्हणाला. "वाटेत आहे."

बोलून झाल्यावर त्याला ते ऐकू आलं. आत्यालाही ऐकू आलं. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. सायकलच्या दांड्यावर टेकलेल्या त्याच्या हातांकडे बघितलं आणि कुदळ बाजूला ठेवली.

"हात धू," ती म्हणाली. लहानपणी जेवायला बसवताना म्हणायची तशीच.

तो सायकल आडवी टाकून पाटात उतरला, वाकला आणि दोन्ही हात खाली नेले. खाली भेगाळलेली माती होती. तो तसाच वाकून राहिला. पाणी अजून वाटेत होतं.